पियानोच्या खोलीतला एसी

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या आधीच माफ कराव्यात. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. तीही मधे मधे, कारण मासळी सुकवायच्या दिवसांत घरात हात कमी पडायचे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यात ही वही साधी नाही, संगीत लिहायची आहे. जागोजागी पाच पाच रेघा इतक्या जवळ मारल्यात की अक्षर कुठल्या रेघेवर बसवायचं तेच कळत नाही. म्हणून काही शब्द वरच्या रेघेला लटकलेत आणि काही खाली घसरलेत. पण वही कोरी होती आणि कचऱ्यात चालली होती. कोरी वही कचऱ्यात जाताना मला बघवत नाही.

हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. मुलीच्या हाती पडलीच तर तिनं वाचावी. हसू आलं तर हसावं.

मी मस्कतला आले ती माझ्या घरवाल्यामुळे. हे तिथं आठ वर्षं एका अर्बाबकडे कामाला होते. अर्बाब म्हणजे मालक, ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो. या अर्बाबचे चार-पाच बंगले भाड्यानं दिलेले होते आणि त्यांचे एसी, पाण्याच्या टाक्या, पंप हे सगळं आमच्या ह्यांच्याकडे. मस्कतच्या अल खौद भागातला एक बंगला एका संगीतशाळेनं आपल्या बाईंसाठी घेतला होता. बाई हंगेरी देशाच्या, पियानो वाजवणाऱ्या, एकट्या. त्यांना घरात राहणारी कामवाली हवी होती. ह्यांनी अर्बाबला विचारलं, "माझी बायको आणू का?" अर्बाब म्हणाला, "इन्शाल्ला." तिथं इन्शाल्ला म्हणजे होही असतं आणि नाहीही असतं. या वेळी हो निघालं.

मुलगी तेव्हा सातवीत होती. तिला रायगडात गावी सासूबाईंकडे ठेवलं. दोन वर्षांनी सुट्टीवर येते म्हणून सांगितलं आणि निघाले.

नवरा-बायको एका देशात आलो खरे, पण हे शहराच्या दुसऱ्या टोकाला वादी अदाईत एका खोलीत पाच जणांबरोबर आणि मी अल खौदला स्वयंपाकघरामागच्या खोलीत. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की अर्बाबची पिकअप घेऊन हे भेटायला यायचे. तेव्हा नुकतीच गुरुवारची सुट्टी जाऊन शनिवारची आली होती, म्हणून कधी कधी शनिवारीही यायचे. लग्नाला चौदा वर्षं झालेली, आणि मी ह्यांना पाहुण्यासारखा चहा द्यायचे.

पहिल्या दिवशी मॅडमनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हात बघितले. त्यांचे स्वतःचे हात मोठे, बोटं लांब आणि जाड. बाकी बाई काठीसारखी बारीक, साठीच्या पुढची. हात तेवढे जाळं ओढणाऱ्या गड्याचे असावेत तसे. माझी नखं कापलेली होती. "गुड," म्हणाल्या. माझी मुलाखत संपली.

आम्ही अर्धं इंग्रजी आणि अर्धं हिंदी बोलायचो. दोघींचं दोन्ही कच्चं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं, त्यामुळे त्या मला काय म्हणत होत्या ते मीच ठरवलंय. इथं त्या मला तू म्हणतात आणि मी त्यांना तुम्ही. पगार कोण देतं त्यावरून ते ठरलं.

घरातली सगळ्यात चांगली खोली पियानोची. तिथं दिवसरात्र बावीसवर एसी. कोपऱ्यात पाण्याची दोन पसरट भांडी ठेवलेली, ती रोज भरायची. भिंतीवर घड्याळासारखं एक यंत्र होतं, ते हवेतली ओल दाखवायचं. मॅडम सकाळी उठून आधी त्या यंत्राकडे बघायच्या आणि मग आरशाकडे. माझ्या खोलीत पंखा होता. ही तक्रार नाही. पियानो त्यांच्याकडे तीस वर्षं होता आणि मी आठ दिवस.

वाजवण्याचं म्हणाल तर सुरुवातीला मला वाटलं की बाईंना येत नाही. एकच तुकडा चाळीस चाळीस वेळा. थांबायचं, मागे जायचं, पुन्हा तेच. मी कांदा चिरता चिरता मनात म्हणायचे, अगं, ही शिकवते कशी, हिला स्वतःलाच जमत नाहीये! ह्यांना एका शुक्रवारी सांगितलं तर हे म्हणाले, "सरकारी नोकरी असेल."

मॅडमची सगळी हकीकत मला स्वयंपाकघरात कळली. त्यांच्या देशातही रश्श्यात लाल तिखट घालतात, पण ते तिखट नसतं. रंगाला लाल आणि चवीला गोडसर. एकदा त्यांच्याकडचं संपलं तेव्हा मी गावच्या मिरच्यांचं घातलं, न विचारता, त्यांच्याच मापानं, तीन चमचे. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताट काही सरकवलं नाही. नाक पुसत पुसत सगळं संपवलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे युद्धानंतर असं जेवण असतं तर लोकांना भूक लागल्याचं कळलंच नसतं." त्या दिवसापासून जेवताना बोलायला लागल्या.

वडील रेल्वेत सांधे बदलणारे. गावच्या शाळेत एक पियानो होता, त्यावर ही पोरगी मधल्या सुट्टीत बसायची. नवव्या वर्षी सरकारी माणूस आला, हात बघितले (माझे बघितले तसेच), आणि बुडापेस्टला घेऊन गेला. तिथं एका नातेवाइकाच्या घरी राहायच्या. घरात पियानो नाही. म्हणून स्वयंपाकाच्या टेबलावर खडूनं पट्ट्या काढायच्या आणि त्यावर वाजवायच्या. घरातली म्हातारी रोज टेबल पुसायची आणि त्या रोज पुन्हा काढायच्या. "आवाज येत नाही ना, मग चूकही ऐकू येत नाही," म्हणाल्या. "माझं सगळ्यात चांगलं वाजवणं त्या टेबलावर झालं."

पुढे मोठी स्पर्धा. परदेशात. दुसरा नंबर. पहिला नंबर आलेला पुढे पियानो सोडून दारूचा व्यापारी झाला आणि श्रीमंत झाला. मॅडमनी पियानो सोडला नाही. कारखान्यांमधून कार्यक्रम केले. कामगारांना तिकिटं फुकट आणि येणं सक्तीचं. दिवसभर राबलेले लोक पहिल्या दहा मिनिटांत झोपायचे. "मी हळू वाजवायचे," म्हणाल्या, "उगाच उठू नयेत." मग लग्न झालं, वाद्यवृंद चालवणाऱ्या एका साहेबांशी. ते मोडलं. साहेब मोठे होते, त्यामुळे मोडल्यावर मोठ्या शहरांतली बोलावणी बंद झाली. मग लहान शहरं, मग समुद्रावर फिरणाऱ्या जहाजांवर, जेवणाऱ्यांसमोर. मग मस्कत.

मस्कतमध्ये त्या शाळेत शिकवायच्या आणि महिन्यातून दोनदा एका मोठ्या हॉटेलात वाजवायच्या. तिथं एका साहेबानं त्यांना वाढदिवसाचं गाणं वाजवायला लावलं होतं. मी विचारलं, "मग?" म्हणाल्या, "वाजवलं. फार चांगलं वाजवलं. केक कापणाऱ्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

शिकायला घरीही पोरं यायची. जास्त करून आपल्याकडची. एक पुण्याच्या बाई मुलाला घेऊन यायच्या. मुलगा आईशी इंग्रजीत, आई त्याच्याशी मराठीत, आणि माझ्याशी बाई हिंदीत, मी मराठी आहे हे माहीत असूनसुद्धा. मॅडमना त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "डिसेंबरपर्यंत होईल ना, मॅडम? सुट्टीत पुण्याला जातो आम्ही. सगळ्यांसमोर वाजवून दाखवायचंय."

"काय होईल?" मॅडमनी विचारलं.

"पियानो."

मॅडम म्हणाल्या, "मला पंचावन्न वर्षं झाली. माझा अजून झालेला नाही."

पुण्याच्या बाई हसल्या. त्यांना वाटलं मॅडम विनोदी आहेत.

वर्ष असं बरं गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मॅडम दोन महिने आपल्या देशी गेल्या. जाताना मला सांगून गेल्या की पियानोच्या खोलीचा एसी बंद करायचा नाही, भांड्यांत पाणी भरायचं, यंत्राकडे बघायचं. मी मान हलवली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं म्हटलं की माझी जीभ आत जाते.

पहिला आठवडा नीट गेला. मग विजेचं बिल आलं, दाराच्या फटीत खोचलेलं. बिल मॅडमच भरायच्या, शाळा नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. घरात मी एकटी, माझ्या खोलीत पंखा, आणि बिल हे एवढं! कुणी बसत नाही, कुणी झोपत नाही अशा खोलीला गार करण्याचं. आमच्या घरी खोलीतून बाहेर पडताना कुणी दिवा मालवला नाही तर सासूबाई सात पिढ्या काढायच्या. मला रात्री तो एसीचा आवाज ऐकून झोप लागेना. वाटायचं, बाईंचे पैसे भिंतीतून गळताहेत.

तर मी एसी बंद केला. मॅडम आल्या की बिल बघून खूश होतील असं माझ्या मनात होतं. हे लिहिताना मला अजून लाज वाटते, पण होतं.

पाण्याचं मात्र मी मनावर घेतलं. आमचे अब्बा होड्या दुरुस्त करायचे. होडी किनाऱ्यावर उन्हात जास्त दिवस राहिली की फळ्या सुकतात, फटी पडतात. मग अब्बा आम्हा पोरांना कळशा घेऊन पिटाळायचे. होडीवर पाणी ओता, गोणपाटं भिजवून टाका. चार दिवसांत फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरायच्या. लाकडाचं मला एवढंच माहीत. मॅडमनी पाण्याची भांडी ठेवलीत म्हणजे त्यांनाही हेच म्हणायचंय, फक्त त्या परदेशी असल्यामुळे कमी पाणी वापरतात, असं मी धरलं. आणि एसी बंद म्हटल्यावर पाणी जास्त लागणार हे उघडच होतं. म्हणून मी दोन चादरी भिजवून पिळून पियानोवर घातल्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा. रोजे चालू होते, बाहेर आग ओतत होती. मी स्वतः पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता पियानोला पाणी देत होते.

तिसऱ्या आठवड्यात दुपारी त्या खोलीतून काठी मोडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, फळ्या धरायला लागल्या.

मॅडम परत आल्या तेव्हा मी चादरी काढून पियानो पुसून लख्ख केला होता. एसीही आदल्या दिवशी लावला होता. त्यांनी बॅग दारातच टाकली आणि आधी पियानोपाशी गेल्या. एक पट्टी दाबली. ती खाली गेली आणि वर आलीच नाही. दुसरी दाबली, तीही. वरचं झाकण उघडून आत बघितलं. तारांना गंज चढला होता आणि खालच्या मोठ्या फळीला हातभर चीर. त्या काही ओरडल्या नाहीत. खुर्चीवर बसून राहिल्या. पट्टी दाबायची आणि बोटानं उचलून पुन्हा वर घ्यायची, एवढंच करत होत्या.

मग फोन उचलला आणि अर्बाबवर ओरडल्या. तुमचा एसी बंद पडला, तुमची वायरिंग खराब, माझा पियानो मेला.

अर्बाबनं ह्यांना पाठवलं. ह्यांनी एसी उघडून बघितला, बंद केला, आणि स्वयंपाकघरात आले.

"काय गो, एसीला काही झालेलं नाही."

मी भांडी घासत राहिले.

"तू बंद केला होतास?"

"बिल फार आलं होतं."

"अल्ला!" हे खालीच बसले. "बिल तुझ्या बापाला भरायचं होतं? बरं, ऐक. तोंड उघडू नकोस. तसंही तुझं तोंड उघडत नाही, ते एकदा तरी कामाला येऊ दे. मी सांगतो कॉम्प्रेसर गेला होता. अर्बाब चार दिवसांत विसरतो."

अर्बाब विसरला नाही. दुबईहून पियानोचा कारागीर आला, त्यानं दोन दिवस आत डोकं घातलं आणि सहाशे रियाल सांगितले. अर्बाब ह्यांना म्हणाला, एसी तुझ्या अंगावर होता, म्हणजे पैसेही तुझ्या अंगावर. हे त्या शुक्रवारी आले ते चहाही न घेता बसले. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यांना जाऊ दिलं आणि मी तयारी करायला लागले. मॅडम जशा एकच तुकडा चाळीस वेळा वाजवायच्या, तसं मी मोरीपाशी उभी राहून एकच वाक्य म्हणत होते. मॅडम, एसी मी बंद केला. मॅडम, एसी मी बंद केला. मग पियानोच्या खोलीत गेले आणि नेमकं ते वाक्य सोडून दुसरंच बोलले. म्हटलं, "मॅडम, मी चादरी घातल्या."

"कसल्या चादरी?"

मग सगळं सांगावं लागलं. एसी, बिल, चादरी. होडीचं सांगायला मला शब्द नव्हते, म्हणून हातानं करून दाखवलं. होडी, ऊन, कळशी, ओतणं. त्या बघत होत्या. मग हसायला लागल्या. खूप हसल्या, डोळे पुसले. मला वाटलं सुटले.

"सहाशे रियालची होडी," म्हणाल्या. "तीनशे तुझे."

"मॅडम?"

"अर्धी चूक माझी. ओल कमीही नको आणि जास्तही नको, हे कारण मी तुला सांगितलं नाही. अर्धी तुझी. तू विचारलं नाहीस. तीनशे तू देणार. माफी द्यायला मी चर्च नाही."

माझा पगार नव्वद रियाल. त्यातले पन्नास गावी जायचे. अर्बाबला मॅडमनी स्वतः फोन करून ह्यांचं नाव सोडवलं, एवढं मात्र त्याच दिवशी केलं. आणि मी त्या रात्री मनाशी ठरवलं की हे तीनशे फिटल्याशिवाय गावी जायचं नाही. देणं डोक्यावर ठेवून मुलीला मिठी मारायची मला लाज वाटली असती. मुलीला फोनवर सांगितलं की सुट्टीचं आता नक्की नाही, फेडून झालं की येते.

"काय फेडायचंय, अम्मी?"

"मॅडमचा पियानो माझ्याकडून मोडला."

"तू वाजवायला गेली होतीस?"

"नाही. पाणी घातलं."

"पियानोला?" तिनं आजीला हाक मारून सांगितल्याचं ऐकू आलं, आणि मग दोघींचं हसू. मिनिटाला पैसे पडत होते, तरी मी ऐकून घेतलं. हसू थांबल्यावर पोरगी एकदम रडली. ते मात्र मी ऐकलं नाही असं दाखवलं.

ऑक्टोबरपासून पगारातले वीस रियाल मॅडम कापायच्या आणि एका वहीत लिहायच्या. तेवढ्यात त्यांनी दुसरं काम काढलं. मोठे वाजवणारे सगळं पाठ वाजवतात, समोर कागद ठेवत नाहीत. मॅडमही चाळीस वर्षं पाठच वाजवत होत्या. पण मधे कधीतरी, कुठल्याशा गावात, भर कार्यक्रमात त्यांना पुढचं आठवेना. तेव्हापासून कागद ठेवतात. कागद ठेवला की पान उलटायला शेजारी माणूस लागतो, कारण दोन्ही हात गुंतलेले. आतापर्यंत शाळेतला एक तरुण मास्तर उलटायचा.

"आता तू," म्हणाल्या. "एका कार्यक्रमाचे दहा रियाल. तीनशेतून वजा."

"मॅडम, मला ते वाचता येत नाही. मला मराठीसुद्धा नीट…"

"म्हणूनच. त्या मास्तरला येतं. तो शेजारी बसून माझ्या चुका मोजतो. मला त्याच्या श्वासावरून कळतं. तुला चुका कळणार नाहीत. मी मान हलवली की उठायचं, डाव्या हातानं वरचा कोपरा धरायचा, उलटायचं, बसायचं. आणि काळे कपडे घालायचे. पान उलटणारा लोकांना दिसता कामा नये."

काळा बुरखा माझ्याकडे होताच. न दिसण्याची सवयही होती. अशी नोकरी मला आयुष्यात दुसरी मिळाली नसती. मॅडमच्या ओळखीच्या चार घरांत आणि एकदा हॉटेलात मी मॅडमच्या डाव्या हाताला बसले, मान हलली की पान उलटलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. एकदा एका साहेबांनी आपला रिकामा ग्लास माझ्या हातात दिला, तेवढंच.

मार्चमध्ये मोठा कार्यक्रम ठरला. मोठं सभागृह, पाचशे माणसं. शाळेचे साहेब येणार होते, आणि पुढच्या वर्षी मॅडमना ठेवायचं की नाही हे त्यानंतर ठरणार होतं. मॅडम दिवसाला सात तास बसायच्या. दुरुस्त झालेला पियानो एका ठिकाणी जरा भसाडा बोलायचा, चिरेपाशी. तिथं आल्या की माझ्याकडे बघायच्या आणि मी कांद्याकडे.

कार्यक्रमात हे मागच्या रांगेत बसले होते, अर्बाबकडून मागून आणलेल्या कोटात. पहिले दोन तुकडे छान झाले. तिसरा संथ होता, तोच, जो मी वर्षभर स्वयंपाकघरातून ऐकत होते. पान संपत आलं. मान हलेल म्हणून मी उठायच्या बेतात बसले. मान हलली नाही. मॅडम मागच्या दोन ओळींवर गेल्या आणि त्याच पुन्हा वाजवल्या. पुन्हा तिथंच आल्या. मान हलली नाही. पुन्हा मागे. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. नजर कागदावर होती, पण कागद बघत नव्हती. खोलीत काहीतरी घ्यायला यावं आणि कशाला आलो तेच आठवू नये, तशी. तिसऱ्यांदा त्या तिथं आल्या तेव्हा मी उठले, कोपरा धरला आणि पान उलटलं. नवीन पान दिसताच हात आपोआप पुढे गेले.

शेवटी लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. पुण्याच्या बाई फुलं घेऊन पुढे आल्या. "मॅडम, तो मधला भाग काय सुंदर होता! परत परत येतो ना तो, अंगावर काटा आला."

"थँक यू," मॅडम म्हणाल्या.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी पाणी दिलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मी मान हलवली होती?"

"नाही, मॅडम."

"मग तुला कसं कळलं?"

"इथून ऐकून. तिथून पुढे तुम्ही नेहमी जरा जोरात वाजवता. मला वाटलं, जोरातलं पुढच्या पानावर असणार."

मॅडम पाणी प्यायल्या, ग्लास खाली ठेवला. "म्हणजे आता तुलाही कळायला लागलं," म्हणाल्या. "पुढच्या वेळेपासून तू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही काढली, दहा रियाल वजा केले, आणि मग पेन तसंच धरून म्हणाल्या, "उरलेले राहू दे. पुरे झालं."

मी वहीकडे बघत राहिले. मला वाटलं, हे कालच्याबद्दल आहे. मी कुणाला सांगू नये म्हणून आहे. मी तसंही कुणाला सांगणार नव्हते, सांगायला मला बोलता कुठं येतं! पण त्याचे पैसे घेतले असते तर ते विकल्यासारखं झालं असतं. आणि मुलीला काय सांगणार, की माफ झालं? मला गावी जायचं होतं ते फेडून. जीभ आत जायच्या आधी मी बोलून टाकलं.

"नाही, मॅडम. चादरींचे पैसे वेगळे. कालचं मी बघितलंच नाही."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "ठीक आहे," म्हणाल्या. "मग शेवटच्या रियालपर्यंत." आणि पुढच्या महिन्याचे वीस लिहूनही ठेवले.

शाळेला कार्यक्रम फार आवडला होता. साहेबांनी अजून दोन वर्षांचा कागद पाठवला. मॅडमनी सही केली नाही. तब्येतीचं कारण दिलं. मला म्हणाल्या, "हात ठीक आहेत. टेबलावर वाजवायला हरकत नाही."

जूनमध्ये सामान बांधायला घेतलं. पियानो एवढ्या लांब परत न्यायचा खर्च परवडेना, म्हणून तो पुण्याच्या बाईंनी घेतला. चीर बघून त्यांनी भाव पाडला. दुरुस्तीला जेवढे गेले त्याहून कमीला. चार माणसं तो उचलत असताना मॅडम त्यांना सांगत होत्या, बावीसवर एसी, भांड्यांत पाणी, ओलीचं यंत्र. "हो हो," पुण्याच्या बाई म्हणाल्या. "आम्ही हॉलमध्येच ठेवणार आहोत, खिडकीपाशी. फोटो छान येतील." लाकडाबद्दल बोलायचा मला अधिकार राहिला नव्हता. मी लिहितेय ती ही संगीताची वहीही त्याच दिवशी कचऱ्याच्या पिशवीत दिसली आणि मी मागून घेतली.

माझे अजून ऐंशी रियाल उरले होते. मॅडम सोमवारी निघणार होत्या. शुक्रवारी हे आले. पुन्हा रोजे होते, त्यामुळे चहाचा प्रश्न नव्हता.

"शेवटचा पगार नव्वद आहे ना?" हे म्हणाले. "मग तिलाच सांग, ऐंशी कापून दहा दे. उगाच इकडून तिकडे कशाला?"

"नाही. आधी हातात घेणार. मग देणार."

"नोटा त्याच राहणार, गो."

"राहू देत."

"तुझ्या मॅडमबरोबर राहून तूसुद्धा तसलीच झालीस," हे म्हणाले, पण हसत म्हणाले. अर्बाबनं तिकीट द्यायचं कबूल केलं होतं, ईदच्या दोन दिवस आधीचं. ते हो निघतं की नाही, हे तेव्हा अजून ठरायचं होतं.

रविवारी दुपारी पियानोच्या रिकाम्या खोलीत मॅडम एका खोक्यावर बसल्या होत्या. एसी बंद होता. बंद मी केलेला नव्हता. त्यांनी पाकिटातून नोटा काढल्या आणि माझ्या हातावर नव्वद मोजले. मी त्यांच्यासमोरच पुन्हा मोजले. मग त्यातले दहा बाजूला काढून ऐंशी त्यांना दिले. त्यांनी ते घेतले, एकदा मोजले, बोट ओलं करून दुसऱ्यांदा मोजले, आणि वही उघडून शेवटच्या ओळीत पूज्य घातलं. त्याच्यापुढे काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंत? या वेळी विचारलं.

"खलास," म्हणाल्या. आणि ऐंशी रियाल पाकिटात ठेवले.